मदरबोर्ड बदलताना

आमचा कॉम्प्युटर 2008 सालचा. मुलाच्या बारावीला घेतला. वर्षभरात तो पुण्याला शिकायला गेला आणि हे धूड माझ्या वाट्याला आलं. त्यावर मी मराठी टाइप करायला शिकले, माझे पहिले लेख त्यावरच लिहिले. गेल्या दिवाळीनंतर मात्र तो चालता चालता बंद पडायला लागला.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, भंगारात दे. लॅपटॉप पाठवतो." मला नको होता. डब्बा चांगला आहे, पडदा चांगला आहे, कीबोर्डवरची अक्षरं माझ्या बोटांना पाठ आहेत. बादलीचं बूड गेलं तर आपण बूड बसवून घेतो, बादली टाकत नाही.

भालकीतला एक ओळखीचा मुलगा आला. त्यानं बाजूचा पत्रा काढला आणि टॉर्च मारला. "काकू, हे बघा." प्रोसेसरजवळ बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्या होत्या, त्यांची डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली. कपॅसिटर म्हणतात त्यांना. ते गेले की विजेचा पुरवठा डळमळतो, मग मशीन मान टाकतं. मी मात्र त्या बोर्डावरच्या बारीक, चमकत्या रेघाच बघत बसले. आपल्या बिदरी सुरईवर काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवतात ना, तसंच नाजूक काम.

"मग हा बोर्ड बदल, प्रोसेसर राहू दे," मी म्हटलं. तो हसला. जुन्या प्रोसेसरच्या पोटाला 775 सोनेरी ठिपके, आताच्याला 1700. एका कंपनीच्या कुकरचं झाकण दुसऱ्याला बसत नाही, तसं. बोर्ड नवा म्हणजे प्रोसेसर नवा, आणि रॅमही नवी, कारण जुन्या डीडीआर-टू रॅमची खाच डीडीआर-फोरच्या खोबणीत बसतच नाही. वीजपुरवठ्याचा डबाही त्यानं बदलायला सांगितला. सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटर म्हणून कॉम्प्युटरचा मोठा बाजार आहे, तिथून त्यानं सगळं मागवलं. वीस हजारांच्या आतबाहेर गेलं. हार्ड डिस्क तीच राहणार होती, म्हणून मी निर्धास्त.

सामान आलं त्या दिवशी तो स्क्रू काढायला बसला आणि माझी नजर मागच्या बाजूला गेली. तिथं मराठी सॉफ्टवेअरचं लॉक लावलेलं होतं, काड्यापेटीएवढं. "हे नव्यात कुठं लावायचं?" त्यानं नवा बोर्ड उलटसुलट करून पाहिला. 25 पिनांचं ते गुलाबी, रुंद पोर्ट त्यावर नव्हतंच. पूर्वी प्रिंटर लावायचे ते. लॉक नाही तर सॉफ्टवेअर नाही, आणि सॉफ्टवेअर नाही तर त्यातल्या फाइली म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

माझे लेख गेले असते तर चाललं असतं, ते छापून आलेत. पण त्यात मामंजींची 140 पानं होती. 2009 च्या उन्हाळ्यात ते दुपारी सांगायचे आणि मी टाइप करायचे. निजामाचं राज्य, रझाकार, 1948 साली गाव सोडून बार्शीकडे निघालेल्या बैलगाड्या. दोन वर्षांनी ते गेले. कागदावर एक ओळ नाही. प्रिंट काढू, काढू म्हणत राहिले, ही माझीच आळशी चूक.

पोरानं पेचकस खाली ठेवला. उघड्या डब्यावर टेबलफॅन लावला. वीस मिनिटं मशीन चालायचं, तेवढ्यात दहा-बारा पानं बाहेर काढायची, मग बंद, मग पुन्हा थंड होण्याची वाट. दोन दिवस हेच. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला मी उठले तेवढ्यात ते बंद पडलं आणि पुन्हा उठलंच नाही. अकरा पानं आत राहिली.

मग बोर्ड बदलला. प्रोसेसरवर तुरीच्या दाण्याएवढा करडा लेप लावला, वर पंखा बसवला. पहिलं बटण दाबलं आणि मी चहाचं आधण ठेवायच्या आत पडदा उजळला. मला त्याचं कौतुकच वाटेना.

काढलेली पानं युनिकोडमध्ये आणली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे, 'क' चा 0915, त्यामुळे ते कुठल्याही मशीनवर 'क'च राहतं. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असायचा. बदलताना रफार उडून भलतीकडे पडतात, 'धर्म'चं 'धमर्' होतं. एकेक ओळ वाचून दुरुस्त करतेय. वाचताना मामंजींचा खोकलासुद्धा ऐकू येतो.

अकरा पानांची जागा मोकळी ठेवली होती. परवा आत्याबाईंना विचारलं, "बार्शीच्या वाटेवरचं मामंजी काय सांगायचे, तुम्हाला आठवतं का?" त्या 88 वर्षांच्या. माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्यांचं त्यांच्याजवळ. मी अकरा वर्षांची होते तेव्हा. माहेरी आम्ही चौघी बहिणी पेवात लपलो होतो, वर कडब्याच्या पेंढ्या टाकून. मला कुणी विचारलंच नाही गं."

मी खुर्ची पुढं ओढली. दोन वाक्यं झाली आणि त्या थांबल्या. "लिहितेस ना?"