कानाजवळचं भोक

सुनील गावसकर १० जुलै १९४९ ला मुंबईत जन्मला. मीही त्याच सुमाराचा, मुंबईचाच. वरळीच्या बीडीडी चाळीतला. साम्य एवढंच.

त्याचं ‘सनी डेज’ १९७६ ला आलं. त्यात त्यानंच सांगितलंय. इस्पितळात काका बाळ बघायला आले, त्यांना कानाजवळ बारीक भोक दिसलं. दुसऱ्या दिवशी पोर उचललं तर भोक नाही! पोरगं दुसऱ्याचंच. शोधाशोध झाली. आपलं पोर एका कोळणीशेजारी झोपलेलं सापडलं. आंघोळीच्या वेळी अदलाबदल झाली असणार.

लोक हे हसत सांगतात. देशाचं केवढं नुकसान टळलं म्हणतात. मला हसू येत नाही. ते दुसरं पोर कुठं गेलं? गावसकरानं निदान त्याची आठवण तरी काढली. वाचणारे तेवढीही काढत नाहीत. कोळी काही आमच्या जातीतले नव्हेत, पण पाळणा चुकला की काय चुकतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

याच्या घरात मामा माधव मंत्री, भारताकडून कसोटी खेळलेले. आमच्या घरात बाप, गिरणीत साच्यावर. आम्ही खोक्याच्या फळीनं खेळायचो, स्टंपा भिंतीवर कोळशानं काढलेल्या. शाळेत टीम निवडताना सर म्हणाले, पांढरी पँट, पांढरे बूट असतील त्यांनीच थांबा. बाप दिवसाला किती वार कापड काढायचा कोण जाणे. मी घरी आलो.

म्हणून गावसकरचं श्रेय कापत नाही. मामा पॅड बांधून देईल, पण नव्या चेंडूसमोर उभं आपल्यालाच राहावं लागतं. १९७१ ला वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत, ४ कसोट्यांत ७७४ धावा. पुढं रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल आले. हेल्मेट यानं कधी घातलंच नाही, शेवटी शेवटी फक्त टोपीखाली कवटीपुरतं कवच. १९८३ ला कानपूरला मार्शलच्या चेंडूनं हातातली बॅट उडवली. पुढच्याच कसोटीत, दिल्लीत, पठ्ठ्यानं ९४ चेंडूंत शतक ठोकलं. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी झाली. त्या दिवशी पानवाल्याच्या रेडिओपाशी आमची अख्खी चाळ जमलेली. १९७५ ला लॉर्ड्सवर ६० षटकं खेळून नाबाद ३६ केले, तेव्हा याच चाळीनं आयमाय उद्धारली होती, तेही सांगायला हवं.

१९८७ ला अहमदाबादेत त्यानं कसोटीतल्या १० हजार धावा पुऱ्या केल्या. जगात पहिला. शेवटी १२५ कसोट्या, १०,१२२ धावा, ३४ शतकं.

पेपरात हे आकडे आले की मला दुसऱ्याचा हिशोब सुचतो. त्यानं किती खेपा केल्या समुद्रात? वादळातून किती वेळा परत आला? ते कोण लिहून ठेवणार.

वरळी कोळीवाड्यात संध्याकाळी म्हातारे जाळी सांधत बसलेले असतात. त्याच वयाचे. जाताना माझी नजर त्यांच्या कानांकडं जाते. भोक कुणालाच नसतं.