नातीची पावले आणि कान्हेरीचे पाणी

आमची नात दोन वर्षांची झाली, तरी मातीवर म्हणून चाललेली नव्हती. पुनर्वसनाच्या इमारतीत नवव्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड. खाली उतरावे तर सिमेंट आणि मोटारसायकली. आम्ही वस्तीतल्या मुलांची शिबिरे घेत फिरतो आणि घरातल्या लेकराला माती ठाऊक नाही, हे सौ.ने एकदा चारचौघांत ऐकवले. खरेच होते ते. मग सप्टेंबरातल्या एका रविवारी मंडळाची बैठक चुकवली आणि आई, सौ., लेक, नात असे सगळे लोकलने बोरिवलीला उतरलो.

राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरी लेणी सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. आतल्या गाडीने पोहोचलो. (सोमवारी उद्यान बंद असते, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि शिदोरी माकडांपासून जपावी. आमच्या निम्म्या चपात्या त्यांनीच खाल्ल्या.) लेकीने पोरीला खाली ठेवले, तर तिने दोन्ही पाय वर ओढून घेतले. "घे, घे" म्हणून आकांत!

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. व्हरांड्यात तथागतांच्या २० फुटांहून उंच मूर्ती आहेत. आम्ही वंदन केले. नात मात्र आपलाच आवाज घुमतो कसा, यात रमली. कडेवरून उतरायला काही तयार नव्हती.

पायऱ्या चढून वर गेलो. पावसाळा सरत आला होता, तरी कातळात खोदलेल्या चरांतून पाणी वाहत होते. शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेकांजवळ पावसाचे पाणी साठवायला खोदलेले टाके. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी, उपासकांनी अशी दाने दिली. डोंगरावर एवढा भिक्खुसंघ बाराही महिने राहू शकला तो या पाण्यावर.

आई एका टाक्याजवळ बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दाराशी पाणी होतं रं ह्यांच्या. आम्ही घागरी घेऊन विहिरीपासनं लांब उभ्या ऱ्हायचो, कुणी ओतंल म्हणून." एवढी वर्षे घरात असून हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. व्यासपीठावरून महाडचा १९२७ चा सत्याग्रह मात्र किती वेळा सांगितला असेल!

मग तिने नऊवारी वर खोचली आणि चरात पाय सोडले. नातीने पणजीचे पाय पाहिले. लेकीच्या कडेवरून वाकून आधी एक बोट बुडवले, मग आपणहून खाली सरकली. पाणी गार लागताच किंचाळली, हसली. पुढे कातळ संपून चिखल सुरू होतो, तिथवर पणजीचे बोट धरून चालत गेली. बोटांमधून चिखल वर आला की थांबायची, पायाकडे बघायची, पुन्हा पाय रोवायची. सौ. म्हणाली, "फ्रॉक गेला." पण अडवले कुणी नाही.

उतरताना उशीर झाला म्हणून आम्ही उचलायला गेलो, तर आमचा हात झटकला. तिच्या पावलाने उतरता उतरता गाडी निघून गेली. पुढच्या गाडीची वाट पाहत सगळे झाडाखाली बसलो; आई विहिरीचे आणखी सांगत होती.