गुलमंडीची मोटार

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गुलमंडीत मोटार घालणारा मनुष्य एक तर नवशिका असावा, नाही तर त्याचे घरच तिथे असावे. मी दोन्ही होतो. पैठण गेटकडून तुम्ही आत शिरता तेव्हा रस्ता हा रस्ताच असतो. सुपारी हनुमानाच्या देवळापाशी येईतो त्याचे अंगण झालेले असते. एकीकडे साड्यांची दुकाने, दुसरीकडे दोरीला टांगलेले आकाशकंदील, मध्ये पणत्यांच्या आणि बत्ताशांच्या हातगाड्या, आणि या सर्वांतून, जणू रस्त्यात आपण एकट्याच आहोत अशा थाटात, पिशव्या सांभाळीत चाललेल्या बायका. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसवली तेव्हा पालखी आणि घोडा वळला की वाट पुरे, एवढाच हिशेब होता. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. बोळांनी मात्र आपला जुना हिशेब सोडलेला नाही.

आमचे घर रंगारगल्लीच्या आतल्या अशाच एका बोळात आहे. चाळिशीपर्यंत मला मोटारीची गरज वाटली नव्हती. मराठी शिकवणाऱ्या माणसाला सायकल शोभते, अशी माझी समजूत होती. पण आईचा दमा वाढला, आणि रात्री-अपरात्री बोळात यायला रिक्षावाले नाखूश असत. तेव्हा 2018 साली पाच वर्षे वापरलेली एक आल्टो घेतली. इंजिन 796 सीसीचे, सिलिंडर तीन, अश्वशक्ती पन्नासाच्याही आत. कॉलेजातले एक सहकारी म्हणाले, “ही मोटार नव्हे हो, शिलाईचे यंत्र आहे.”

शिकवायला जवळच्याच मोहल्ल्यातले एक चाचा मिळाले. “सरजी, क्लच आहिस्ता छोडो, जैसे बच्चे का हात छोडते हैं,” हा त्यांचा पहिला पाठ. हे वाक्य मी पुढे अलंकारांच्या तासाला उपमेचे उदाहरण म्हणून वापरले. प्रत्यक्ष क्लच मात्र महिनाभर आहिस्ता सुटला नाही. लहान इंजिनाचा हा दोष कोणी सांगत नाही: जरा कमी दाबले की ते बंद पडते. मोठी डिझेल गाडी नवशिक्याची एखादी चूक पोटात घालते. आमचे शिलाईयंत्र प्रत्येक चूक चारचौघांत जाहीर करी. बोळातून मुख्य रस्त्यावर येताना छोटासा चढ आहे. तिथे एकदा गाडी बंद पडून मागे घरंगळली आणि पणत्यांच्या हातगाडीला टेकली. तीन-चार डझन पणत्या फुटल्या. मी पैसे दिले, गाडीवालीने टवके उडालेल्या पणत्याही माझ्याच पदरात घातल्या, आणि आईने त्या दिवाळीत त्याच लावल्या.

नुकसान पणत्यांवर निभावले ते वेग नसल्यामुळे. गुलमंडीत ताशी 15 किलोमीटर म्हणजे भरधाव. शिवाय गाडी साडेतीन मीटरांहून आखूड आणि 4.6 मीटर त्रिज्येत वळणारी, त्यामुळे तिची चारही टोके कुठे आहेत हे नवशिक्याला लवकर उमजते. पुढे कोण आहे हे दिसते, मागे कोण आहे हे ऐकू येते. अशा जागी शिकणाऱ्यापासून धोका असतो तो इतरांना, आणि तो कमी करायला लहान गाडीसारखे दुसरे साधन नाही, असे माझे मत झाले. ते अजूनही बदललेले नाही.

बदलले ते दुसरेच. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही वेरूळला निघालो. नगर नाका, पडेगाव, शरणापूर इथपर्यंत मी खुशीत होतो. दौलताबादच्या कोटाची कमान थेट रस्त्यावरच येते. तिच्यातून बसगाड्या अंग चोरून जात असताना आमची गाडी ऐटीत गेली. पुढे खुलताबादचा घाट लागला. चार माणसे, डब्यात दशम्या, एसी चालू. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागली. एसी बंद केला, काचा उघडल्या, तेव्हा कुठे ती वर चढली. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. त्याला मागे टाकायला मी बाहेर काढली, आणि ती पुढे जाईना! समोरून जीप येताना दिसली. मी ब्रेक दाबून पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे दडलो. सौ. काही बोलली नाही. कैलास लेण्यापुढे उभे राहीपर्यंत बोलली नाही.

मुलगी याच गाडीवर शिकली, माझ्याहून लवकर. तिचे लायसन्स तीन महिन्यांचे असताना मी पेपर तपासणीच्या बैठकीसाठी पुण्याला होतो. रात्री दोन वाजता आईचा श्वास अडकला. रुग्णवाहिका बोलावली असती तर ती गल्लीच्या तोंडाशी थांबली असती. मुलीने गाडी उलटी घालून दारापर्यंत आणली, आजीला मागे निजवले आणि औरंगपुरा, खडकेश्वर करीत घाटी रुग्णालयात पोचवली. सकाळी फोनवर आई मला म्हणाली, “अरे, पोरीने एकदाही गचका बसू दिला नाही.” मी पुण्यातल्या त्या खोलीत बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो.

यंदा तिला जालन्याला नोकरी लागली. साठेक किलोमीटर. गाडी मी नेते, म्हणाली. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, आजीला नेताना ही गाडी सुरक्षित होती, मग मला नेताना का नाही?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, कारण पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. गुलमंडीतले 15 आणि जालना रस्त्यावरचे 60 यांत फरक चौपट दिसतो, पण तो सोळापट आहे. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. त्यांत आमच्या आल्टोचीच बहीण होती. पाचांपैकी एकीलाही मोठ्या माणसांच्या रक्षणासाठी एक तारा मिळाला नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाही. चालकापुढे ती असलीच पाहिजे हा नियम 2019 च्या जुलैपासून आला.

मुलीने ते सर्व वाचले आणि मी नजरेआड केलेली ओळ नेमकी काढली. त्या पाचांतल्या चाकणच्या पोलोला दोन एअरबॅगा घालून पुन्हा आदळले, तर चार तारे मिळाले. “म्हणजे बाबा, दोष इंजिनाचा नव्हे. सांगाडा आणि एअरबॅग बघायची.” मी घाटातला ट्रॅक्टर आठवून म्हणालो, इंजिनाचाही थोडा आहे. ती म्हणाली, “तो तुमच्या घाईचा होता.” सौ. हसली. इतक्या वर्षांनी.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. 1199 सीसीच्या टाटा पंचला 2021 साली याच संस्थेने पाच तारे दिले. आणि 2025 च्या सप्टेंबरात लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा सरकारने लहान कशाला म्हणायचे त्याची रेघही ओढून दिली: 1200 सीसीपर्यंतचे इंजिन, चार मीटरपर्यंत लांबी. त्या एकाच रेघेच्या आत तारे असलेल्याही येतात आणि नसलेल्याही.

सध्या ती जालन्याला रेल्वेने जाते आणि पगारातून पैसे साठवते. मागच्या रविवारी आम्ही दुकानात जाऊन आलो. विक्रेत्याने लिटरला किती किलोमीटर जाते इथून सुरुवात केली. तिने तारे किती, असे विचारून त्याला थांबवले. तो जरासा गोंधळला, पण कागद काढून दाखवले.

घरी आल्यावर आईने एकच विचारले, “ती आपल्या बोळात येईल का गं?” याचा विचार कोणीच केला नव्हता. आईने शिलाईयंत्राच्या खणातली टेप काढून दिली. नातीने एक टोक माझ्या हाती दिले आणि आम्ही बोळाच्या तोंडाशी, दोन भिंतींमध्ये, टेप ताणून उभे राहिलो. कंदील घेऊन चाललेला एक पोरगा टेपेखालून वाकून गेला. दोन मीटर पाच सेंटिमीटर. तिने कागदावर लिहिले, आरशांचे वेगळे धरले, आणि म्हणाली, “आजी, आरसे मिटून येईल.”