भिंतींनी गिळलेला ओझोन

शहरात ओझोन सर्वांत जास्त असतो तो भर दुपारनंतर. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोलसारख्या द्रव्यांच्या वाफा आणि कडक ऊन एकत्र आलं की तो हवेतच तयार होतो. खिडकीतून घरात शिरल्यावर त्याचं पुढे काय होतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. घरातला ओझोन बाहेरच्यापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी भरतो, आणि ही किमया भिंती, पडदे, गालिचे, कपडे आणि आपण स्वतः मिळून करतो.

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतल्या संशोधकांनी १९७३ साली घरातला ओझोन किती वेगाने नाहीसा होतो, याची मोजमापं प्रसिद्ध केली. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ४३ घरांत हा वेग सरासरी ताशी २.८ इतका भरला. म्हणजे बाहेरून नवा ओझोन आला नाही, तर घरातला निम्मा साधारण पंधरा मिनिटांत संपतो.

हे घडतं दोन टप्प्यांत. भिंतीला लागून जवळजवळ स्तब्ध हवेचा पातळ थर असतो. ओझोनच्या रेणूला आधी तो ओलांडावा लागतो. मग पृष्ठभागाशी टक्कर. स्वच्छ काचेवर लाखो टकरांतून एखादीच फळते, विटेवर मात्र दहा हजारांतून एखाद-दुसरी. म्हणून पंखा लावल्यावर विटेची भिंत जास्त ओझोन ओढून घेते आणि काचेला फारसा फरक पडत नाही: विटेकडे अडचण पोहोचण्याची असते, काचेकडे अभिक्रियेची.

इथवर सगळं आपल्या फायद्याचं वाटतं. पण ओझोन नुसता नाहीसा होत नाही, तो समोरच्या वस्तूचा काही भाग घेऊन जातो. कॅलटेकमध्येच ग्लेन कॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक नैसर्गिक रंग कागदावर लावून अंधारात ओझोनमध्ये ठेवले. हळदीतलं कर्क्युमिन, नीळ आणि मंजिष्ठेच्या जातीचा लाल रंग उजेडाशिवायच फिके पडले. जुनी चित्रं आणि रंगवलेली वस्त्रं सांभाळणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाने हे ध्यानात ठेवायला हवं.

घरात याहून मोठा प्रश्न तेलाचा आहे. शेंगदाणा तेलात ओलिक आम्ल भरपूर असतं. फोडणीचे बारीक थेंब ओट्यावर, टाइल्सवर बसले की ओझोन त्या आम्लाचे रेणू तोडतो आणि नोनॅनल नावाचं अल्डिहाइड हवेत सुटतं. गालिच्याची ओझोन शोषण्याची ताकद काळानुसार ओसरते, ओट्याची ओसरत नाही, कारण तिथे रोज नवा थर बसतो. आपली त्वचाही अशीच. तिच्या तेलातलं स्क्वालीन ओझोनशी फार झपाट्याने जुळतं आणि त्यातून अॅसिटोनसह अनेक कार्बोनिल संयुगं बाहेर पडतात. दिवसभर अंगावर वापरलेला सदरा धुतलेल्या सदऱ्यापेक्षा जास्त ओझोन खातो, तोही याच कारणाने. गर्दीच्या खोलीत ओझोन कमी भरतो खरा, पण त्याची किंमत म्हणून ही संयुगं श्वासात जातात.

म्हणून मला मातीचा गिलावा महत्त्वाचा वाटतो. टेक्सास आणि मिसुरीतल्या संशोधकांनी इमारतींचं साहित्य तपासलं, तेव्हा मातीच्या लेपाने ओझोन भरपूर शोषला आणि त्या बदल्यात हवेत फारच थोडी उत्पादनं सोडली. तेलकट पृष्ठभागाच्या नेमकं उलट. आपल्याकडच्या मातीच्या भिंतींची अशी पद्धतशीर मोजमापं व्हावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

दिवाळीची साफसफाई चालली असेल, तर दोन गोष्टी पाळा. लिंबू-संत्र्याच्या वासाच्या द्रवाने लादी पुसायची असेल, तर ती सकाळी पुसा. त्यातलं लिमोनीन दुपारच्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतं. आणि हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली ओझोन सोडणारं यंत्र घरात आणू नका. कॅलिफोर्नियाने ०.०५ पीपीएमहून जास्त ओझोन सोडणाऱ्या घरगुती यंत्रांच्या विक्रीवर २०१० मध्येच बंदी घातली.