खळे

उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकण्याची माझी जुनी सवय आहे. परवा, चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री, असाच पडलो असताना चंद्राभोवती एक मोठे, फिकट कडे दिसू लागले. हात लांब करून वीत पसरली तर चंद्रापासून कड्यापर्यंतचे अंतर नेमके वीतभर भरले. शेजारच्या अंथरुणावरून नात म्हणाली, "आजोबा, किती सुंदर दिसतंय ना!" मी "हो" म्हटले खरे, पण मन आनंदण्याऐवजी किंचित चरकले.

चंद्राच्या या कड्याला आपण खळे म्हणतो आणि धान्याची मळणी जिथे होते त्या सारवलेल्या गोल जागेलाही खळेच म्हणतो. एका शब्दात हे दोन अर्थ कसे आले ते भाषापंडित सांगोत. माझ्यापुरते त्यांचे नाते एका दुपारी कायमचे जुळले.

तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो. परीक्षा आटोपून मामांच्या गावी गेलो होतो आणि ढगांविषयीचे एक पुस्तक माझ्या हाती लागले होते. ल्यूक हॉवर्ड नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने, औषधे तयार करण्याचा आपला धंदा सांभाळून, १८०२ साली लंडनमधील एका व्याख्यानात ढगांना लॅटिन नावे दिली. सिरस म्हणजे कुरळी बट, स्ट्रेटस म्हणजे थर आणि क्युम्युलस म्हणजे रास! मी दिवसभर ओट्यावर बसून ही नावे आभाळावर लावीत असे.

आभाळ वाचण्याची ती विद्या खोटी नव्हे. पिसाऱ्यासारखा सिरस सहा-सात किलोमीटर किंवा त्याहूनही उंचावर असतो आणि तो बर्फाच्या कणांचा बनलेला असतो. त्याचा पातळ पडदा पसरला म्हणजे चंद्राला खळे पडते. तेवढ्याने पाऊस येतोच असे नाही. परंतु वरच्या हवेत ओलावा आला आहे, एवढे ते सांगते. दुपारी दिसणारे कापसाच्या पुंजक्यांसारखे क्युम्युलस संध्याकाळी विरून गेले, तर भिण्याचे कारण नाही. मात्र तोच पुंजका रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागला, त्याचा माथा फुलकोबीसारखा फुगला आणि शेवटी गोठून ऐरणीसारखा सपाट पसरला, म्हणजे तो क्युम्युलोनिम्बस झाला. वळीव, वीज आणि गारा त्याच्याच पोटात असतात.

त्या दिवशी मामांच्या खळ्यावर शाळूची मळणी होऊन उफणणी चालली होती. सकाळी आभाळ निरभ्र होते. दुपारी एकाएकी वारा पडला आणि उफणणी थांबली. अंगाची लाही होत होती. पूर्वेला एक ढग उभा राहिला, पाहता पाहता चढत गेला आणि त्याचा माथा पसरला. मी पुस्तक हातात घेऊन खळ्याकडे धावलो आणि ओरडलो, "मामा, ऐरण! अगदी चित्रातल्यासारखी!"

मामांनी ढगाकडे केव्हाच पाहिले होते. ते एवढेच म्हणाले, "कौतुक मागाहून कर, बाळ. आधी आतल्या घोंगड्या आण."

मी घोंगड्या घेऊन परत येतो तो थंडगार वाऱ्याचा लोट धुळीसह अंगावर आला. पावसाने गार झालेली हवा ढगातून खाली कोसळून पुढे धावते, हे माझ्या पुस्तकात होते. पण ती धावत असताना किती वेळ हाती उरतो, ते नव्हते. कडबा आणि घोंगड्या टाकून निम्मी रास झाकली, तोच गारा पडू लागल्या. अर्ध्या तासात सारे संपले. मातीचा सुवास सुटला. एरवी मी त्यावर लुब्ध झालो असतो. पण भिजलेल्या राशीजवळ उकिडवे बसलेले मामा पाहून मला त्या सुवासाची लाज वाटली. पुढे ते धान्य काळे पडले. ते कोणी विकत घेतले नाही, म्हणून घरीच खाल्ले. मामींच्या हातची ती काळपट भाकरी मी पुढल्या दिवाळीतही खाल्ली.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यास आलो. हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून येथे आले. ते १९४४ साली दिल्लीस गेले, तरी पुणेकरांच्या तोंडी त्या जागेचे नाव अद्याप 'सिमला ऑफिस' असेच आहे. आता उपग्रह आणि रडार ढग जन्मताच त्याला पाहतात. तरीही अंदाजात शब्द येतात ते 'तुरळक ठिकाणी' असेच, आणि त्यात काही चूक नाही. वळीव या शिवारात पडतो आणि पलीकडले कोरडे ठेवतो. मात्र ज्याचे पीक उघड्यावर आहे त्याचा प्रश्न एकच असतो : त्या तुरळक ठिकाणांत माझे खळे आहे काय? २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट झाली, तेव्हा तो प्रश्न किती घरांतून विचारला गेला असेल!

नात झोपी गेली होती. मी खाली उतरलो आणि सूनबाईंना म्हटले, "उद्याच्या कुरडया दुपारपर्यंतच उन्हात राहू द्या."

त्या हसल्या. आमचे खळे आता एवढेच उरले आहे.