सहा तारा, तीन स्प्रिंगा

नोकरी लागल्यावर दादाने वाजवणं सोडलं आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार संगमनेरहून एसटीने नगरला, माझ्या होस्टेलवर आणून दिली. गॅदरिंगला चार दिवस राहिलेले. मोकळ्या तारा सुरात, पण वरच्या फ्रेटवर सगळं बेसूर!

ब्रिज तरंगता, फ्लॉइड रोज या अमेरिकन वादकाला १९७९ साली पेटंट मिळालं, त्या धाटणीचा. समोरून सहा तारांचा ताण, मागून तीन स्प्रिंगांचा. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला समतोलच हा!

बाराव्या फ्रेटवर आधी हार्मोनिक घ्यायचा, मग तिथेच तार दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. सोपं वाटतं ना? पण सॅडल सरकवायला तार सैल करावी लागते. एक सैल केली की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात नि बाकीच्या पाच चढतात. म्हणून दर वेळी सहाही सुरात आणायच्या, मगच तपासायचं.

दोन रात्री गेल्या. रूममेटने हात जोडले. शेवटी दादाला फोन लावून ऐकवलं.

"तिसरी अजून चढी आहे. केसभर मागे घे."

घेतली. जुळली!

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सुट्टीत येताना घेऊन ये रे. मीही वाजवीन."