अर्ध्या मिलिमीटरचा हट्ट

लसणाच्या पाकळीतला कोंब चिरून पानांच्या घड्या एकेक सोडवत गेलं, की तळाशी दवबिंदूसारखा चकाकणारा घुमट दिसतो. तो केवढा कापायचा, यातच माझी नोकरी सरली. ०.३ मिलिमीटर घेतला तर विषाणू सुटण्याची आशा, पण तुकडा बहुधा बाटलीतच काळा पडतो. एक मिलिमीटर घेतला तर तरारून येतो, सोबत ‘यलो ड्वार्फ’ विषाणूही घेऊन येतो. आधी उष्णोपचार देऊन पाहिला, पाकळ्याच कुजल्या. आता हात थरथरतो, त्यामुळे अर्धा मिलिमीटर म्हणजे अंदाजपंचे.

कांदेवाल्यांना हे दुखणं नाही. त्यांच्याकडे बी आहे, संकर आहे, वर दिल्ली हलवण्याची ताकद आहे. लसूण पाकळीतूनच वाढणार, म्हणजे रोग वारसाहक्काने. ताकेओमी एतो यांनी १९८०च्या दशकात मध्य आशियातल्या लसणापासून बी मिळवलं. आपले बहुतेक वाण फुलाचा दांडाच काढत नाहीत. गोदावरी घ्या, यमुना सफेद घ्या, राजगुरुनगरचा भीमा ओंकार घ्या, सगळे निवडीतून आलेले. परिषदेत संकराची भाषणं सुरू झाली की मी चहाला उठायचो. चहा वाईटच असायचा.

आणि ‘टिश्यू कल्चरचा लसूण’ म्हणून नुसती हिरवीगार रोपं विकणारे? चाचणी कुठे केली विचारा, विषय बदलतील.

कामणला घरामागे दोन वाफे आहेत. कामणदुर्गाच्या बाजूची ही दमट हवा, त्यात थंडी बेताची. गड्डा भरतच नाही. शेजारची सून म्हणते, “काका, पातीसाठीच लावा ना, सुकटीत मस्त लागते.” पात देतो तिला. पण मार्चमध्ये सुपारीएवढे गड्डे उपटून पाकळ्या मोजतोच.

माझी एक विद्यार्थिनी तोच घुमट गप्पा मारत कापते. तिच्या बाटल्या जगल्या की बरं वाटतं. एखादी काळी पडली की, खरं सांगायचं तर, जरा जास्तच बरं वाटतं. परवा फोन आला, “सर, चाचणी निगेटिव्ह आली. शेतात किती हंगाम टिकेल?”

“विषाणू आणणारा मावा विचारून येतो का? मूळ बेणं नेटहाऊसबाहेर काढू नकोस.”

“एकदा या ना लॅबमध्ये, तुम्हीच कापून दाखवा.”

चष्म्याचा नंबर बदललाय, नवा आला की येतो, म्हटलं. हाताचं काही बोललो नाही.